सफरचंद टिकतं, द्राक्षाचा देठ वाळतो

एप्रिल महिन्यात सांगलीच्या विष्णूअण्णा पाटील फळ मार्केटमध्ये जे देशी सफरचंद विकायला येतं, ते गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडावरून उतरलेलं असतं. त्याला इलाजच नाही. किन्नौर किंवा काश्मीरमध्ये एप्रिलला सफरचंदाची झाडं फुलोऱ्यात असतात, फळ धरायचं अजून बाकी असतं. म्हणजे गिऱ्हाईक 'ताजं आहे ना?' म्हणत हातात घेऊन दाबून बघतं ते फळ सहा-सात महिन्यांचं असतं. आणि विकणारा 'एकदम ताजं' म्हणतो तेव्हा तो फारसं खोटंही बोलत नाही. साल तुकतुकीत असते, चावलं की कर्रकन आवाज येतो, रस सुटतो. तासगाव-मिरजेकडची द्राक्षं मात्र आदल्या दिवशी वेलीवर असतात. ती चार दिवस घरात टोपलीत राहिली की देठ तपकिरी होतो, आणि घड उचलला की निम्मे मणी टोपलीतच राहतात.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे शीतगृह. ते अर्धंच खरं आहे. सफरचंद, द्राक्ष आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही तिन्ही फळं शून्य अंशाच्या आसपास एकाच थंडीत ठेवून बघा. सफरचंदाच्या चांगल्या जाती सहा महिने काढतात; खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांवर आणला तर नऊ-दहा महिनेही. द्राक्ष, पुष्कळ काळजी घेतली तर, दोन-तीन महिने. स्ट्रॉबेरी आठवडाभर. यंत्र तेच, तापमान तेच, विजेचं बिल तेच. फरक फळात आहे, आणि फळात तो वाणातून आलेला आहे. थंडीनं फळाचं आयुष्य लांबतं हे खरं, पण किती लांबेल याची हद्द वाणाच्या जनुकांनी आधीच आखून ठेवलेली असते.

झाडावरून तोडलेलं फळ मेलेलं नसतं. त्याच्या पेशी श्वास घेत असतात, साठवलेली साखर आणि आम्ल खर्च करत असतात. केंब्रिजमध्ये १९२०च्या दशकात फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघांनी सफरचंदांचा हा श्वास मोजला. तोडल्यानंतर तो काही काळ मंद होत जातो, मग एकाएकी उसळी घेतो, शिखराला पोचतो आणि हळूहळू उतरतो. ही उसळी म्हणजे पिकण्याचा क्षण. त्यानंतर फळ मऊ पडायला, सुवास सोडायला आणि शेवटी पिठूळ व्हायला लागतं. आंबा, केळी, चिकू, सीताफळ, टोमॅटो ही सगळी अशीच उसळी घेणारी फळं. म्हणून ती कच्ची तोडून घरी पिकवता येतात. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, डाळिंब, संत्रं यांच्यात ही उसळी नसते. आंबट द्राक्ष तोडलं तर ते आंबटच राहतं. अढीत घालून गोड होत नाही.

अढीचा उल्लेख आलाच आहे तर तिथूनच पुढं जाऊ. पेंढ्यात आंबे घालून वर गोणपाट टाकणारी आजी जे करत होती त्यात ऊब होती, तसा एक वायूही होता: इथिलीन. आंबा पिकू लागला की तो हा वायू सोडतो, पेंढ्यात तो अडकून राहतो आणि शेजारचे आंबेही पिकायला लागतात. केळीच्या घडाला धुरी देत तीही याचसाठी, कारण धुरात इथिलीन असतं. आजीला रेणूचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. रशियात दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ साली दाखवलं की दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन वाटाण्याच्या रोपांची वाढ बिघडवतं. आणि सफरचंद स्वतःच हा वायू बनवतं याचा रासायनिक पुरावा इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी १९३४ साली दिला. वनस्पतींच्या संप्रेरकांमध्ये हे एकटं वायूरूप, त्यामुळे ते एका फळातून दुसऱ्या फळाला 'लागतं'. पेटीत एक नासकं सफरचंद बाकीच्यांना नासवतं, त्यात बुरशीचा वाटा आहेच, पण या वायूचाही आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की इथिलीन लागलं की फळ आणखी इथिलीन बनवतं. एकदा सुरू झालं की ते स्वतःच स्वतःला ढकलत राहतं. म्हणून सफरचंद टिकवण्याचा सगळा खेळ या सुरुवातीला अडवण्याचा आहे. सुरुवात कुठं होते हे १९७९ साली कॅलिफोर्नियात शांग फा यांग आणि त्यांचे सहकारी डग्लस अ‍ॅडम्स यांनी उलगडलं. मेथिओनिन या साध्या अमिनो आम्लापासून मधल्या टप्प्यावर एसीसी नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्यापासून इथिलीन. एसीसी बनवणाऱ्या विकराचं नाव एसीएस, त्याचं इथिलीन करणाऱ्याचं एसीओ. पहिली पायरी संथ असते. तिथं अडवलं तर पुढची सगळी साखळी खोळंबते.

आता जपानकडं जाऊ. आओमोरी हा तिथला सफरचंदांचा प्रांत. तिथल्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रात १९३९ साली राल्स जॅनेट आणि डिलिशियस या दोन अमेरिकन वाणांचा संकर केला गेला, आणि त्यातून निवडलेल्या वाणाला १९६२ साली 'फुजी' नाव मिळालं. हे सफरचंद साध्या थंडीतही महिनोन्महिने कडक राहतं. का राहतं, हे त्याच प्रांतातल्या हिरोसाकी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली शोधलं. सफरचंदात पिकण्याच्या वेळी जागं होणारं एसीएस१ नावाचं जनुक दोन आवृत्त्यांमध्ये सापडतं. दुसऱ्या आवृत्तीत जनुकाच्या अगदी अलीकडं, म्हणजे जनुक किती जोरात चालायचं हे ठरवणाऱ्या भागात, १६२ अक्षरांचा एक तुकडा घुसलेला आहे. जनुकसंचात उड्या मारत फिरणारे काही तुकडे असतात, त्यांतलाच हा एक. कधीकाळी एका झाडात तो इथं येऊन बसला आणि जनुक जवळपास मुकं झालं. विकर बनवण्याची सूचना जशीच्या तशी आहे. ती द्यायला कुणी उठत नाही, एवढंच.

प्रत्येक सफरचंदाच्या झाडात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. फुजीत दोन्ही मुक्या आहेत. यावरून एक गोष्ट आपण इथं बसूनही सांगू शकतो. फुजीला एक मुकी प्रत डिलिशियसकडून आली असलीच पाहिजे. आणि डिलिशियस म्हणजे आपल्या ओळखीचं सफरचंद: जे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसानं शिमल्याजवळच्या कोटगढला लावलं आणि ज्याच्या वंशावर हिमाचलची निम्मीअधिक सफरचंद-अर्थव्यवस्था उभी राहिली ते. सांगलीच्या पेटीतल्या लाल सफरचंदात फुजीच्या टिकाऊपणाचा एक हप्ता आधीपासून होता.

पण एका जनुकावर सगळं श्रेय टाकावं असं वाटायला लागतं तेव्हाच गाला हे वाण आडवं येतं. गालातही दोन्ही प्रती मुक्या आहेत, आणि तरीही ते फुजीइतकं टिकत नाही. इथिलीन कमी असलं तरी फळ मऊ पडायचं ते पडतंच, कारण मऊपणाचं प्रत्यक्ष काम दुसरीच जनुकं करतात. सफरचंदाच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. जॅम-जेली घट्ट करतं तेच पेक्टिन. पिकताना पॉलिगॅलॅक्चुरोनेज नावाचं विकर ते तोडतं, पेशी सुट्या होतात, आणि चावल्यावर फुटून रस देण्याऐवजी एकमेकींवरून घसरतात. तोंडाला जे पिठूळ लागतं ते हेच: रस पेशीत कोंडलेला आणि पेशी सुट्या. हे विकर बनवणारं जनुक सफरचंदाच्या दहाव्या गुणसूत्रावर आहे. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी रॉयल गाला वाणात ते दाबून टाकलं तर फळं अधिक कडक राहिली. तिसऱ्या गुणसूत्रावर एक आणखी वरचा मुकादम आहे, एनएसी१८.१ हे जनुक. टोमॅटोत याच घराण्यातलं जनुक बिघडलं की टोमॅटो पिकतच नाही. सफरचंदात त्याच्या आवृत्तीवर दोन गोष्टी एकत्र बदलताना दिसतात: फळ तोडणीला कधी येतं आणि ते किती कडक असतं. लवकर येणारी सफरचंदं मऊ, उशिरा येणारी कडक, हे युरोप-अमेरिकेतल्या बागवानांना शतकानुशतकं ठाऊक होतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाचं सफरचंद-पैदाशीचं काम या माहितीचा उपयोग कसा होतो ते दाखवतं. सफरचंदाचं बी लावलं तर फळ धरायला चार-पाच वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, आणि मग ते फळ साठवून बघायचं तर आणखी एक हंगाम. ब्रूस बॅरिट आणि यानमिन झू यांनी २००८ साली पैदाशीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाणांची एसीएस१ आणि एसीओ१ या जनुकांसाठी पानांवरूनच तपासणी करून ठेवली, म्हणजे मुळात कोणती जोडी जुळवायची हे आधीच कळावं. बॅरिट यांनीच १९९७ साली एंटरप्राइज आणि हनीक्रिस्प यांचा संकर करून सुरू केलेलं वाण २०१९च्या डिसेंबरात 'कॉस्मिक क्रिस्प' नावानं दुकानात आलं. योग्य साठवणुकीत ते वर्षभर टिकतं असा त्याचा लौकिक आहे. बावीस वर्षं लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं.

टिकाऊपणाची किंमतही असते. न्यूझीलंडमध्येच रॉयल गालातलं एसीओ१ जनुक पूर्ण बंद करून पाहिलं. फळं तयार झाली, साखर आली, आम्ल जिथल्या तिथं राहिलं, पण सुवास आला नाही. बाहेरून इथिलीन दिलं तेव्हाच तो आला. पिकण्याचं काही काम इथिलीनशिवाय चालतं, काही चालत नाही, आणि वास हे त्यांतलं दुसरं. अमेरिकेत १९९०च्या दशकात एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी शोधलेल्या १-एमसीपी या वायूचाही परिणाम असाच. तो फळातल्या इथिलीन ओळखणाऱ्या जागा अडवून बसतो, फळ महिनोन्महिने कडक राहतं, आणि जुन्या लोकांना 'आता सफरचंदाला पहिल्यासारखा वास नाही' असं वाटतं. त्यांचं म्हणणं सरसकट आठवणींच्या खाती टाकू नये.

आता जत. सांगली जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा, कमी पावसाचा तालुका डाळिंब आणि द्राक्षांसाठी माहीत आहे. गेल्या काही वर्षांत तिथं सफरचंदाची झाडं उभी राहिली आणि त्यांना फळं लागली. बातम्या झाल्या, बघायला लोक गेले. डिलिशियससारख्या वाणांना फुलण्यासाठी हिवाळ्यात सात अंशांखालच्या थंडीचे हजाराच्या वर तास लागतात. जतमध्ये ते मिळणं अशक्य. ही झाडं ज्या एचआरएमएन-९९ वाणाची, ते हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे हरिमन शर्मा यांनी निवडलं. उन्हाळ्यात चाळीस-पंचेचाळीस अंश तापणाऱ्या भागातही ते फळतं, आणि फळ जूनच्या सुमारास येतं. इस्रायलमध्ये तयार झालेलं अ‍ॅना हे वाणही अशाच कमी थंडीचं. शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

हे सफरचंद किन्नौरसारखं टिकेल का, असा प्रश्न लगेच विचारला जातो. टिकण्याची अपेक्षा धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लवकर येणाऱ्या सफरचंदांत इथिलीन जोरात तयार होतं आणि ती झपाट्यानं मऊ पडतात, हा जगभरचा अनुभव. त्यात जूनमधली तोडणी म्हणजे फळ झाडावरच तापलेलं. पण टिकण्याची गरजही कुठं आहे? जून हा असा महिना आहे की जुन्या हंगामाचा शीतगृहातला माल संपत आलेला असतो आणि हिमाचलचा नवा माल जुलैपासून सुरू होतो. त्या फटीत आदल्या दिवशी तोडलेलं, वासाचं सफरचंद पन्नास-शंभर किलोमीटरांवर विकता येत असेल तर साठवायचं कशाला? जतच्या बागायतदारानं शीतगृहाच्या मागं लागण्यापेक्षा मिरज-सांगलीची गाडी गाठावी.

द्राक्षाची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. इथं इथिलीनची उसळी नाही, त्यामुळे एसीएस१ मुकं करून काही साधणार नाही, १-एमसीपीचा फारसा उपयोग नाही. मणी तोडल्यावर पिकत नाही आणि म्हणून पिकून नासतही नाही. मग घड चार दिवसांत असा का दिसतो? कारण नासतो तो मणी नव्हे, देठ. घडाच्या देठाचा श्वास मण्याच्या पंधरापट किंवा त्याहून जास्त असतो. मण्याला मेणाचा जाड लेप असतो, देठाला तो नसल्यातच जमा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात घड तोडला की पहिल्या काही तासांतच देठ पाणी गमवायला लागतो. आधी हिरव्याचा पिवळट, मग तपकिरी, मग काडीसारखा. गिऱ्हाईक मणी चाखण्याआधी देठ बघतं, आणि व्यापारीही. याच्या जोडीला करड्या बुरशीचा धोका आणि मणीगळ. परदेशी जाणाऱ्या पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, ज्याला सगळे ग्रेपगार्ड म्हणतात, तो बुरशीसाठी असतो. आणि तोडणीनंतर शक्य तितक्या लवकर माल प्रीकूलिंगला पोचवण्याची धावपळ देठासाठी.

मग या देठाची आनुवंशिकता काय? इथं सांगली जिल्ह्याचा इतिहास मध्ये येतो. तासगाव-मिरज-पलूस-कवठेमहांकाळ पट्ट्यातली बहुतेक पांढरी द्राक्षं एकाच वेलीची वंशज आहेत, अगदी शब्दशः. थॉम्पसन सीडलेस हे नाव कॅलिफोर्नियातलं, पण वाण पश्चिम आशियातलं, फार जुनं. तिकडं ते किशमिश किंवा सुलताना म्हणून ओळखलं जातं. द्राक्ष काडीनं वाढवतात, बियांनी नाही, त्यामुळे प्रत्येक वेल मूळ वेलीची हुबेहूब नक्कल असते. क्वचित एखाद्या डोळ्यातल्या पेशीत जनुकीय बदल होतो आणि त्या डोळ्यातून फुटलेली काडी निराळी फळं देते. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या नजरेला थॉम्पसनच्या बागेत अशी काडी पडली, तिचं वाण म्हणजे तास-ए-गणेश. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशीच थॉम्पसनची काडी वेगळी काढली, ती सोनाका. किशमिश चोर्नी या काळ्या वाणातून त्यांनी शरद सीडलेस निवडलं. प्रयोगशाळा हाताशी नसताना बाग फिरून केलेली ही पैदास आहे. महाराष्ट्राच्या शेतीशास्त्राच्या इतिहासात तिला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही.

मात्र या नजरेनं काय निवडलं ते बघा. लांब मणी, मोठा मणी, एकसारखा रंग, गोडी. बाजार पैसे देत होता ते याला. देठ किती दिवस हिरवा राहतो हे वेलीवर दिसतच नाही, ते तोडल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात दिसतं, तेव्हा माल मुंबईला किंवा दुबईला असतो.

बिनबियांपणानं यात आणखी गुंता केला. थॉम्पसनमध्ये बी धरतं, पण सुरुवातीलाच खुरटतं. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१८ साली याचं कारण दाखवलं: एजीएल११ या जनुकात एका अक्षराचा बदल, त्यामुळे प्रथिनात एका जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन. एवढ्यानं बियांचं टरफल घडत नाही. पण बी हेच मण्याला फुगवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचं कोठार असतं. बी नाही म्हणजे जिबरेलिन कमी, म्हणजे मणी बारीक. ती कसर भरून काढायला आपल्याकडं गोडी छाटणीनंतर घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिनच्या, द्रावणात बुडवतात. सांगलीत 'डिपिंग' म्हटलं की शेतमजुरालाही काय ते कळतं. मणी फुगतात, भाव येतो. पण जीए मण्याबरोबर देठालाही लागतं. देठ जाड आणि ताठर होतो, मण्याची छोटी काडी ठिसूळ होते, आणि प्रवासात मणी गळतात. थॉम्पसनच्या वंशात मणीगळीची ओढ मुळातच आहे. जास्तीचं जीए तिला खतपाणी घालतं. म्हणजे एका अक्षराच्या जनुकीय बदलाची भरपाई आपण बाटलीतून करतो आणि त्याची वसुली दुबईच्या पेटीत होते.

सांगलीनं यावर काढलेला तोडगा मात्र अफलातून आहे. टिकत नाही ना, मग वाळवा. तासगाव आणि सांगलीचे बेदाण्याचे सौदे देशभर माहीत आहेत, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात. हे द्रावण मण्यावरच्या मेणाच्या लेपात वाटा पाडतं, आणि उघड्यावर महिना घेणारं वाळणं दोनेक आठवड्यांत उरकतं. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा. बारकाईनं पाहिलं तर शीतगृहवाला जे करतो त्याच्या बरोबर उलट हे काम. फळाच्या जनुकांनी पाणी अडवण्यासाठी जी भिंत बांधली ती तो जपतो. बेदाणा करणारा ती मुद्दाम मोडतो. सफरचंदातही ही भिंत वाणागणिक बदलते. गोल्डन डिलिशियसच्या सालीचं मेण पातळ आणि भेगाळलेलं असल्यानं ते शीतगृहातही लवकर सुरकुततं. आणि गंमत अशी की बेदाणा झाल्यावर तोच माल पुन्हा सांगलीच्या शीतगृहांत जाऊन बसतो, रंग काळवंडू नये म्हणून.

साताऱ्याच्या बाजूला महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाईकडच्या शेतांत हाच प्रश्न अधिक तीव्र आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली मानांकन मिळालं, पण तिथं लावली जाणारी वाणं महाबळेश्वरची नाहीत. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन फ्लोरिडा विद्यापीठाची, चँडलर आणि कॅमरोसा कॅलिफोर्निया विद्यापीठाची. मातृरोपं बाहेरून येतात, घाटाखाली त्यांची रोपं वाढवतात आणि पावसाळा ओसरला की लावतात. म्हणजे साताऱ्याच्या स्ट्रॉबेरीनं मुंबईपर्यंतचा घाट कसा उतरायचा हे ठरतं फ्लोरिडा-कॅलिफोर्नियात, तिथल्या गरजांप्रमाणे. स्वीट चार्ली लवकर येते, गोड लागते, पण नरम. कॅमरोसा कडक, लांबच्या प्रवासाची. पहिली महाबळेश्वरच्या रस्त्यावर मलईबरोबर खायची, दुसरी पेटीत घालायची, असा भेद खरं म्हणजे बाजारानंच करायला हवा, आणि तो पुरेसा होत नाही.

स्ट्रॉबेरी मऊ पडते तीही पेक्टिन सुटल्यामुळेच, आणि यातही इथिलीनचा हात थोडा. अडचण तिच्या जनुकसंचात आहे. आपल्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, लागवडीच्या स्ट्रॉबेरीत आठ. चार वेगवेगळ्या पूर्वजांचे संच एकत्र बसलेले. कॅमरोसाचा संपूर्ण जनुकसंच २०१९ साली वाचून झाला तेव्हा हे कोडं पहिल्यांदा सुटलं सुटलं म्हणण्याइतकं सुटलं. एक चांगली आवृत्ती मिळाली म्हणजे झालं असं इथं होत नाही. बाकीच्या प्रती आपलं काम करतच राहतात. तरीही स्पेनमध्ये मालागाच्या संशोधकांनी याच चँडलरवर काम केलं, जे एके काळी महाबळेश्वरच्या शेतांत सर्वत्र होतं. पेक्टिन तोडणारं एक जनुक दाबल्यावर फळ कडक झालं हे २००२मध्ये. २०२३ साली पॉलिगॅलॅक्चुरोनेजचं जनुक क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं थेट बदलून फळ कडक तर केलंच, करड्या बुरशीचा डागही लहान राहिला. परकं जनुक न घालता केलेल्या अशा संपादनाला भारतात २०२२पासून जनुक-परिवर्तित पिकांच्या किचकट नियमांतून सूट आहे. अशी वाणं शेतात येईपर्यंत महाबळेश्वरचं उत्तरही सांगलीसारखंच: जास्तीचा आणि नरम माल जॅम, क्रश आणि सिरपात.

द्राक्षाकडं परत येतो, कारण तिथं पुढचं पाऊल हातात आहे. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि पुण्यातलीच आघारकर संशोधन संस्था संकरातून नवी वाणं काढतात. आघारकरचं एआरआय-५१६ हे अमेरिकन कटॉबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून आलेलं, बुरशीला दाद न देणारं, रसासाठीचं वाण. दोन बिनबियांची वाणं एकत्र आणायची तर खुरटणारं बी वेळेत काढून त्यातला गर्भ प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. एजीएल११ची तपासणी मात्र आता पानावरून होते, त्यामुळे कोणतं रोप बिनबियांचं निघेल हे तीन वर्षं वेल वाढवायच्या आधी कळतं. देठाचा हिरवेपणा सफरचंदाच्या कडकपणासारखा अनेक जनुकांत वाटलेला असतो, त्यासाठी मोजमाप लागतं, आणि मोजमाप बागेतही होऊ शकतं. एखादी निराळी काडी सापडली की आपण तिचे मणी मोजतो, ब्रिक्स म्हणजे गोडी बघतो. तिचे दोन घड आणि शेजारच्या नेहमीच्या वेलीचे दोन घड एकाच सकाळी तोडायचे, वजन लिहून ठेवायचं, सावलीतल्या एकाच खोलीत ठेवायचे. आठव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा वजन, देठाचा रंग, आणि घड उचलून तीनदा हलवल्यावर किती मणी खाली पडले ते.